उरलेला पाच किलो डिंक

सूनबाई बाळंत झाली ती ऐन पौषात. त्या दिवसांत ग्वाल्हेरचं धुकं दुपारपर्यंत हटत नाही, नळाच्या पाण्याला हात लावायला नको वाटतं, आणि इथल्या लष्कर भागातल्या मराठी घरात बाळंतीण असली की डिंकाचे लाडू व्हायलाच लागतात. खारीक, खोबरं, खसखस, बदाम येऊन पडले होते. डिंक मात्र मी स्वतः बघून आणणार होते. सासूबाईंची तशी शिस्तच होती. खडा उजेडाकडे धरायचा, आत साल अडकली आहे का पाहायचं, एखादा जिभेवर ठेवायचा, मगच तोलायला सांगायचं. दाणाओळी बाजारातल्या नेहमीच्या दुकानात गेले तर दुकानदाराने दोन पोत्यांची तोंडं उघडली. एकात फिकट, स्वच्छ, एकसारखे खडे. दुसऱ्यात लहानमोठे, कुठे सोनेरी, कुठे जवळजवळ काळे, मधूनच सालीची कपची चिकटलेली. "ये बाहर का है बाईसाहब, सुदान-नाइजीरिया तरफ का. और ये अपना, श्योपुर-शिवपुरी का," तो म्हणाला. बाहेरचा स्वस्त होता, आणि दिसायलाही उजवा.

मी आपल्याकडच्या पोत्यात हात घातला होता तेवढ्यात एक सहरिया आदिवासी बाई पायरीवर येऊन बसली. मोहना गावाच्या बाजूची असावी. शिवपुरी रस्त्यावरच्या बसने तिकडच्या बायका लाकडं, बेलफळं, मुळ्या असं काय काय घेऊन शहरात येतात. तिने जुन्या ओढणीचं गाठोडं सोडलं. धावड्याचा डिंक होता, साडेपाच किलोच्या आसपास, आणि त्याला चुलीच्या धुराचा वास येत होता. दुकानदाराने दोन खडे बोटांत घासले. "छाल बहुत है. धुएँ की बास भी है," म्हणाला आणि भाव सांगितला. मला तो ज्या भावाने देत होता त्याच्या निम्म्याहून किंचित जास्त. तिने आणखी मागितला. "गर्मिन में बीनो थो, जाड़े के लाने धर राखो थो," असं ती दोनदा म्हणाली. उन्हाळ्यात वेचलेला तिने थंडीसाठी मुद्दाम राखून ठेवला होता. थंडीत लाडवांमुळे डिंकाला उठाव येतो हे तिला पक्कं माहीत होतं. दुकानदाराने उत्तरादाखल पांढऱ्या पोत्याकडे बोट केलं.

मी तिच्याकडून अर्धा किलो घेतला, दुकानातल्या भावाने, तिच्या हातावर पैसे ठेवून. तिने नोटा बघितल्या, कनवटीला लावल्या, आणि मग उरलेलं गाठोडं उचलून त्याच दुकानदाराच्या तराजूवर ठेवलं. त्याने सांगितलेल्या भावाला. तिला दुपारची बस गाठायची होती. मला काहीतरी बोलावंसं वाटलं असणार आणि ते माझ्या चेहऱ्यावर दिसलं असणार, कारण तो अगदी शांतपणे म्हणाला, "बाईसाहब, आधा किलो आपने ले लिया. बाकी पाँच किलो कौन लेगा?"

या प्रश्नाने मला पुढे बरेच दिवस सोडलं नाही.

कुतूहल म्हणून मी पावशेर बाहेरचा डिंकही आणला होता. रात्री कढईत तूप कडकडीत तापवून आधी धावड्याचा सोडला. खडे तळाशी गेले, क्षणभर तसेच राहिले आणि मग लाह्यांसारखे फुलून वर आले, पांढरेशुभ्र, आणि सगळं स्वयंपाकघर त्या खरपूस वासाने भरलं. मग बाहेरचा सोडला. तोही फुलला. तसाच वर आला, तसाच कुरकुरीत. धुराचा वास तुपात गेल्यावर कुठे उरला नव्हता. लाडू वेगवेगळे वळले, सुनेला दोन्ही दिले, तिला फरक कळला नाही आणि खरं सांगायचं तर मलाही कळला नसता. मला वाटलं होतं की चवीत काहीतरी सापडेल, ज्याच्या आधारावर आपल्या धावड्याची बाजू घेता येईल. तसं काही सापडलं नाही. मग ही बाजू घ्यायची ती कशाच्या जोरावर, हा विचार करत मी खारकेची पूड चाळत बसले.

तो बाहेरचा डिंक येतो कुठून, हे मी त्यानंतर शोधून वाचलं. सहाराच्या दक्षिणेला आफ्रिकेत बाभळीच्या जातीच्या झाडांचा एक लांबलचक पट्टा आहे, सेनेगलपासून सुदानपर्यंत. सुदानमध्ये त्या झाडाला हशाब म्हणतात. कोर्दोफान आणि दारफुरमधले शेतकरी पावसाळा संपला की कुऱ्हाडीने त्याची साल सोलून ठेवतात आणि काही आठवड्यांनी डिंकाचे गोळे वेचतात. वेचणीत बायकामुलंही असतात. अल-ओबेद हे त्यांचं मोठं बाजाराचं गाव. तिथून निघालेला डिंक जगभर जातो, बाटलीबंद थंड पेयांत, गोळ्या-चॉकलेटांत, औषधांच्या गोळ्यांत, शाईत. थंड पेयातला सुगंधी अर्क पाण्यापासून वेगळा होऊन वर तरंगू नये म्हणून तो लागतो, आणि त्याला तोलामोलाचा पर्याय अजून फारसा सापडलेला नाही. म्हणूनच अमेरिकेने १९९७ मध्ये सुदानवर व्यापारबंदी घातली तेव्हा डिंकाला मात्र तिच्यातून वाट ठेवली गेली. एप्रिल २०२३ मध्ये तिथे दोन फौजांची लढाई पेटली, गावंच्या गावं उठली, तरीही डिंक या ना त्या देशाच्या वाटेने बाहेर निघत राहिला. म्हणजे दाणाओळीतल्या त्या स्वच्छ पोत्यामागेही कुणीतरी आहे. कदाचित घरदार सोडून निघालेली एखादी बाई, जी मिळेल त्या भावाला गाठोडं देऊन मोकळी झाली. त्या बाईचा डिंक स्वस्त पडतो म्हणून मोहन्याच्या बाईला कमी मिळतं, आणि दोघींना एकमेकींचा पत्ता नाही. मला तिच्यावर रागावता येईना. राग कुणावर धरायचा हेच कळेना, कारण दुकानदारही वाईट माणूस नव्हता. त्याच्या शेजारच्या चार दुकानांत पांढरी पोती होतीच.

हे सगळं आत्ताच सुरू झालं असंही नाही. चिटणीस की गोठमधल्या आमच्या माहेरच्या वाड्यात आजोबांचा एक लाकडी खोका होता, गवयांच्या जुन्या तबकड्यांनी भरलेला. जड, काळ्या, आणि हातातून पडली की काचेगत तुकडे. आम्हा मुलांना त्या खोक्याला हात लावायची बंदी होती. या तबकड्या लाखेच्या असत, हे मला फार उशिरा कळलं. पळस, बोर, कुसुम या झाडांच्या फांद्यांवर लाखेचे किडे पोसायचे, फांद्या खरवडून लाख काढायची, हे काम मंडला-बालाघाटपासून छोटा नागपूरपर्यंतच्या आदिवासींचं. ती लाख गाळून, पत्रे करून कलकत्त्याहून बोटीने जगभर जाई, आणि तिच्यावर तिकडे ऑपेरा, इकडे ख्याल कोरले जात. १९४८ मध्ये अमेरिकेत व्हिनाइलची लांब वाजणारी तबकडी निघाली आणि काही वर्षांत लाखेचं ते एवढं मोठं गिऱ्हाईक हळूहळू नाहीसं झालं. आपल्याकडे लाखेच्या तबकड्या त्यानंतरही बरीच वर्षं निघत होत्या, पण जगाची मागणी आटली ती आटलीच. मंडल्याच्या कुठल्या पाड्यावर कुणी जाऊन सांगितलं असेल का, की बाबांनो, तिकडे न्यूयॉर्कमध्ये एक नवा पदार्थ निघाला आहे, पुढच्या वर्षी कमी फांद्या बांधा? झाडाखाली उभ्या असलेल्या माणसाला त्या बदलाची खबर मिळते ती एकाच रूपात. व्यापारी या खेपेला भाव कमी सांगतो.

माझी नोकरी बँकेतली. श्योपूर नुकतंच वेगळा जिल्हा झालं होतं, १९९८ ची गोष्ट, आणि त्याच सुमारास माझी तिथे बदली झाली. ग्वाल्हेरहून जायला माधवराव महाराजांच्या वेळची छोटी गाडी होती, दोन फुटी रुळांची, सुमारे दोनशे किलोमीटरची वाट आणि सगळा दिवस प्रवास. डब्यात बसले तर समोरच्याचे गुडघे लागत. टपावर माणसं, दाराला दुधाचे कॅन, आणि सबलगढ मागे पडलं की डब्यात हळूहळू जंगल चढायला लागे: तेंदूपानांचे गठ्ठे, चारोळीच्या पिशव्या, मोहाचा आंबूस-गोड वास. एक वास मात्र या सगळ्यांहून वेगळा, टर्पेंटाइन आणि उदबत्ती यांच्या मधला. तो सालईच्या डिंकाचा, हे मला एका सहप्रवाशाने सांगितलं. तो लाडवांत घालायचा डिंक नव्हे. तो जाळायचा, औषधाचा. सहरिया त्याला चीर म्हणतात. ती गाडी २०२० मध्ये टाळेबंदीत थांबली ती थांबलीच, आता तिथे मोठ्या रुळांची लाइन होते आहे. व्हायलाही हवी. पण त्या डब्यात बसून मला त्या जंगलाची जी ओळख झाली ती मोटारीच्या काचेतून झाली नसती.

त्याच वर्षांत श्योपूर जिल्ह्यातल्या कुनो अभयारण्यातली गावं उठत होती. गीरच्या सिंहांना दुसरं घर हवं म्हणून अभयारण्यातली २४ गावं बाहेर काढायची होती, आणि १९९८ ते २००३ च्या दरम्यान दीड हजारावर कुटुंबं, बहुतेक सगळी सहरियांची, बाहेर येऊन वसली. घरटी दोन हेक्टर जमीन. त्यांपैकी काही जण खातं उघडायला, अंगठा द्यायला आमच्याकडे येत. काउंटरच्या या बाजूने बघताना मला वाटे, जमीन मिळाली, खातं झालं, रस्ता जवळ आला, बरंच झालं की. एका दुपारी वीज गेलेली होती, काम थांबलेलं, आणि एक वयस्क गृहस्थ बाकावर बसून होते. मी विचारलं, बाबा, तिकडे काय होतं? ते म्हणाले, "पेड़ थे." मी म्हटलं, पेड़ तर इथेही आहेत. तेव्हा त्यांनी समजावून सांगितलं. गावात सालईची झाडं घराघरांत वाटलेली होती. अमुक नाल्यापासून अमुक खडकापर्यंत यांची, त्यापुढे भावाची. बापानंतर मुलाला जायची. दुसऱ्याच्या झाडाला कुणी कुऱ्हाड लावत नसे. पाऊस उघडला की बुंध्याची साल पातळ तासायची, फार खोल गेलं तर झाड वाळतं, वरवर राहिलं तर चीर सुटत नाही. दर काही दिवसांनी जखम ताजी करायची, आणि पुढचा पाऊस लागेपर्यंत हे चाले. या झाडांच्या भरवशावर बनिया पावसाळ्यात गल्ला, म्हणजे धान्य, द्यायचा. "अब नहीं देता," ते म्हणाले. "कहता है, तेरे पास क्या है?"

बँकेत असूनही मला त्या दिवसापर्यंत ही गोष्ट उमजली नव्हती. सालईची झाडं हे त्या घराचं तारण होतं. कागदावर कुठे नव्हतं, कुठल्या रजिस्टरला त्याची नोंद नव्हती, पण गावाने मानलेलं, व्यापाऱ्याने मानलेलं तारण. जमिनीचा पट्टा हातात आला आणि पत गेली. व्यापारी नडतही असेल, गल्ल्याच्या बदल्यात दुप्पट चीर घेतही असेल. पण आषाढात घरात दाणा नसताना कुणीतरी देत होतं, कारण दिवाळीनंतर झाडं चीर देणार हे दोघांनाही ठाऊक होतं.

आता इथे माझ्या वन्संच्या गुडघ्यांची गोष्ट सांगते. त्यांचा मुलगा न्यू जर्सीत असतो. दोन्ही गुडघे धरलेले, जिना चढवत नाही, तर त्याने तिकडून कॅप्सूलच्या बाटल्या पाठवल्या. वन्संना इंग्रजी बारीक अक्षर वाचवेना म्हणून बाटली माझ्या हातात दिली. 'बॉसवेलिया सेराटा', आणि खाली लिहिलेलं की हा भारतीय धूप आहे, सांध्यांसाठी. मी झाकण उघडून वास घेतला. कॅप्सूलला काही वास नव्हता. पण नावावरून कळलं, ही सालई. आयुर्वेदात जिला शल्लकी म्हणतात ती. अर्क काढून, शुद्ध करून, मोजून भरलेली. अमेरिकेत आणि युरोपात सांधेदुखीसाठी या अर्काला आता चांगली मागणी आहे, आणि हे झाड वाढतं ते मुख्यतः आपल्याच देशातल्या कोरड्या, खडकाळ टेकड्यांवर. वन्संना गुण आला, त्या आता सकाळी फुलबागेपर्यंत चालत जातात, मला याचा आनंदच आहे. मात्र ती बाटली त्यांच्या कपाटात बघितली की बाकावर बसलेले ते गृहस्थ डोळ्यांपुढे येतात. त्यांच्या झाडाच्या चिकाला जगात एवढी किंमत यापूर्वी कधी आली नसेल, आणि नेमक्या त्याच काळात त्यांचा हात झाडापासून सुटला.

बाजार वाढला की गरिबाला फायदा होतो, असं आमच्या प्रशिक्षणात शिकवत. होतो, कधी कधी होतोही. पण त्यासाठी गरीब माणूस झाडाजवळ उभा असावा लागतो. राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीतून डिंक, पानं, फळं काहीच काढता येत नाही; १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ती वाट बंद केलेली आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने २००० साली ती आणखी घट्ट केली. कुनो २०१८ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं. ज्या २००६ च्या वनाधिकार कायद्याने जंगलातल्या गौण उपजावर, म्हणजे डिंक, पानं, फळं यांवर, वेचणाऱ्याची मालकी मान्य केली, तो आला तेव्हा ती २४ गावं जागेवर राहिलीच नव्हती. सिंह अजून आलेले नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सहा महिन्यांत आणा असं सांगूनही आले नाहीत. आले ते चित्ते, सप्टेंबर २०२२ मध्ये नामिबियातून आठ आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून बारा. मी त्यांच्या विरोधात नाही. या देशातून पुसलं गेलेलं एक जनावर पुन्हा गवतात धावतंय ही मला मोठी गोष्ट वाटते, आणि गावातल्या काही तरुणांना चीतामित्र म्हणून काम मिळालं, काहींना पर्यटकांमुळे मिळेल, हेही खरं आहे. पण दाणाओळीत आफ्रिकेचा डिंक, कुनोत आफ्रिकेचे चित्ते, आणि या दोन्हींच्या मध्ये मोहन्याच्या बसमध्ये बसलेली ती बाई, हे चित्र एकदा डोक्यात बसलं की जात नाही. दोन्हीपैकी एकाही निर्णयात तिला कुणी काही विचारलेलं नाही.

वन्संच्या त्या बाटलीच्या बाबतीत कायदा आहे. जैवविविधता कायदा, २००२ चा. झाडातून, झाडाच्या ज्ञानातून कुणी पैसा कमावला तर त्यातला वाटा ते झाड राखणाऱ्यांपर्यंत यावा, अशी त्याची कल्पना. २०२३ मध्ये तो बदलला, आणि जे ज्ञान जुन्या ग्रंथांत लिहिलेलं आहे ते वापरणाऱ्यांना वाट्याच्या या बंधनातून सूट मिळाली. शल्लकी तर ग्रंथांत आहेच. कुठल्या खोलीपर्यंत साल तासावी म्हणजे झाड जगेल, हे ज्ञान मात्र कुठल्या संहितेत असेल असं वाटत नाही. ते त्या गृहस्थांच्या मनगटात होतं. सालईपेक्षा कुल्लू या झाडाची गोष्ट यात जास्त बोलकी आहे. कुल्लूचा डिंक कवळी चिकटवायच्या पावडरीत जातो, परदेशात त्याला भाव होता, म्हणून ठेकेदारांनी रोजावर आणलेल्या लोकांकडून खोल खोल घाव घालून घेतले. पोटापुरतं रोज मिळणाऱ्याला ते झाड पुढच्या वर्षी उभं असण्याशी काही देणंघेणं नव्हतं. झाडं वाळली आणि मग बंदी आली. ज्याचं झाड, त्याची कुऱ्हाड हलकी पडते. एवढं साधं आहे ते, आणि तरी सरकारी कागदांत ते मला कुठे वाचायला मिळालं नाही.

हमीभाव आहेत. केंद्राने गौण वनोपजासाठी २०१३-१४ पासून किमान आधारभूत किमतीची योजना आणली, मे २०२० मध्ये टाळेबंदीत भाव बरेच वाढवले. सुक्या मोहफुलांचा किलोला १७ रुपयांचा ३० झाला. चांगलंच झालं. पण भाव जाहीर होणं आणि खरेदीचा काटा गावात लागणं यांत फार अंतर असतं. काटा लागला तरी पैसे खात्यात येईपर्यंत थांबायला लागतं, आणि ज्या घरात आज संध्याकाळचं पीठ आणायचं आहे तिथे थांबायचं कसं? माझ्या सगळ्या नोकरीत मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा पाहिली. ज्याला थांबता येतं त्याला भाव मिळतो. मुरैन्याच्या बाजूचे मोहरीवाले शेतकरी गोदामात पोती ठेवून त्याच्या पावतीवर आमच्याकडून कर्ज उचलत, भाव चढला की विकत आणि कर्ज फेडत. डिंकाच्या पोत्यावर कर्ज दिल्याचं मला एकही प्रकरण आठवत नाही.

हे मनात घोळत होतं म्हणून होळीनंतर मी मोहन्याच्या पुढे एका सहरान्यात, म्हणजे सहरियांच्या वस्तीत, गेले. तिथल्या बायकांचा बचत गट आहे आणि जुन्या शाखेतल्या एका सहकारी बाईंची तिथे ओळख आहे. धावड्याची झाडं निष्पर्ण उभी होती, पळस पेटलेला होता, आणि बायका कमरेला फडकी बांधून नुकत्या जंगलातून आल्या होत्या. पळसाचा लाल डिंक, आपण ज्याला कमरकस म्हणतो तो, एकीच्या तळहातावर होता. त्या बाळंतिणीला हाच देतात. मी लाडवांचं सांगितलं तर त्या आपापसांत खूप हसल्या. एवढं तूप, म्हणाल्या. मग बोलणं भावावर आलं. मी विचारलं, सगळ्याच जणी थंडीपर्यंत का थांबत नाही? एका म्हातारीने मला हाताला धरून झोपडीत नेलं आणि छताकडे बोट दाखवलं. पावसाळ्यात ते गळतं. डिंकाला ओल लागली की खडे एकमेकांना चिकटून त्यांचा गोळा होतो, आणि त्या गोळ्याला कुणी विचारत नाही. म्हणून मृगाच्या आत सगळं विकायचं. जिला थोडा राखायचाच असेल ती मडक्यात भरून चुलीच्या वर टांगते.

दाणाओळीत दुकानदाराने ज्या धुराच्या वासावरून भाव पाडला होता, तो वास म्हणजे तिने सात-आठ महिने सांभाळलेला कोरडेपणा होता.

तिथे बसूनच आम्ही हिशेब मांडला. पत्र्याची एक कोरडी खोली, झाकणाची पिंपं, निवडायला दोन चाळण्या, आणि जूनमध्ये प्रत्येकीच्या हातात थोडी रक्कम, म्हणजे बियाण्याला आणि पिठाला पैसे हवेत म्हणून डिंक काढावा लागणार नाही. पोत्यामागे उचल, विकल्यावर फेड. मोहरीवाले करतात तेच. म्हातारीने विचारलं, "और व्यापारी नाराज हो गओ तो?" हा प्रश्न हिशेबात बसत नव्हता, पण तो खरा होता, अडीअडचणीला, रात्री-अपरात्री दवाखान्याला तोच पैसे देतो. त्याला पूर्ण तोडायचं नाही, निम्मा माल त्याला द्यायचा, असं त्यांचं त्यांनीच ठरवलं. मी त्यात बोलले नाही. त्यांना त्याच्याशी वर्षभर राहायचं आहे.

अर्ज मी लिहून दिला. बँकेने तो नाकारलेला नाही, पण एक अडचण काढली आहे आणि ती अडचण खोटी नाही. तारण म्हणून डिंक धरायचा तर त्याचा भाव कुठला धरायचा? मोहरीचा भाव मंडीत रोज लागतो, छापून येतो. धावड्याच्या डिंकाचा भाव गावच्या व्यापाऱ्याच्या तोंडी असतो, त्याचा वरच्या व्यापाऱ्याच्या फोनमध्ये, आणि त्याच्याही वर अल-ओबेदमध्ये गोळीबार थांबला की चालू आहे यावर. दाखला कुणाचा आणणार? मी बायकांना हे जाऊन सांगितलं तर त्यांनी फार वेळ घेतला नाही. गटातली एक मुलगी दहावी झालेली आहे. या उन्हाळ्यापासून तिने एक वही घातली आहे: तारीख, कुणी किती वेचला, कुणाला दिला, किलोला काय मिळालं. एक वर्षाची वही झाली की तीच दाखला म्हणून पुढे ठेवायची. बाहेरच्या डिंकाचा दाणाओळीतला भाव दर आठवड्याला फोन करून तिला कळवायचं काम माझ्याकडे आहे. त्यासाठी तिने शेवटचा रकाना मोकळा ठेवला आहे.